टेबल टेनिसमधील फोरहँड लूप : तंत्र, सराव आणि नेहमीच्या चुका

शालेय स्पर्धांत पुश आणि स्मॅश या दोन फटक्यांवर सामने जिंकणारा खेळाडू खुल्या गटात गेला की बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. प्रतिस्पर्धी चेंडू जाळ्यालगत, खाली आणि बॅकस्पिन देऊन परतवत राहतो. स्मॅश मारावा तर चेंडू जाळ्यात जातो. पुश करावा तर पुढचा हल्ला प्रतिस्पर्धीच चढवतो. ही कोंडी फोडणारा फटका म्हणजे फोरहँड लूप. आधुनिक टेबल टेनिसची आक्रमक बाजू प्रामुख्याने याच फटक्यावर उभी आहे. तो योग्य वयात आणि योग्य क्रमाने शिकला गेला नाही, तर चुकीची सवय मोडण्यातच उमेदीची वर्षे खर्ची पडतात.

लूप म्हणजे काय?

रॅकेट खालून वर आणि पुढे नेत चेंडूच्या पृष्ठभागाला घासून त्याला जोरदार टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने गरगर फिरणारी फिरकी देणे, याला लूप म्हणतात. फोरहँड ड्राइव्हमध्ये रॅकेट चेंडूवर बऱ्याच अंशी सरळ आदळते. लूपमध्ये आघात कमी आणि घर्षण अधिक असते. म्हणूनच ड्राइव्हचा आवाज टणक येतो, तर चांगल्या लूपचा आवाज दबका असतो. मैदानावरील बोलीत या फटक्याला नुसते ‘टॉपस्पिन’ असेही म्हटले जाते.

फिरकीची गरज कशासाठी?

याचे उत्तर टेबलाच्या मापांत आहे. टेबलाची लांबी २.७४ मीटर, म्हणजे जाळ्यापासून प्रत्येक टोक १.३७ मीटर अंतरावर. जाळ्याची उंची १५.२५ सेंटिमीटर. फिरकी नसलेला चेंडू जाळ्याच्या कडेवरून अगदी आडवा निघाला, तर १५.२५ सेंटिमीटर खाली यायला त्याला सुमारे ०.१८ सेकंद लागतात. हवेचा अवरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर तेवढ्या वेळात टेबलावरच पडण्यासाठी त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटरपेक्षा अधिक असून चालत नाही. चेंडू जाळ्याहून खाली असताना तो वर उचलावा लागतो, त्यामुळे ही मर्यादा आणखी आवळली जाते. सरळ फटक्याने खालचा चेंडू जोरात मारता येत नाही, तो यामुळेच.

टॉपस्पिन ही मर्यादा ओलांडू देते. पुढे फिरत जाणाऱ्या चेंडूभोवतीची हवा अशी वळवली जाते की, चेंडूवर खालच्या दिशेने बल निर्माण होते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अवघ्या २.७ ग्रॅम वजनाचा असल्याने त्याच्यावर हवेचा प्रभाव विशेष जाणवतो. लूप केलेला चेंडू जाळ्यावरून उंच जातो आणि पलीकडे झपकन खाली वळतो. टप्पा पडल्यावर तो पुढे उसळी घेतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटला लागताच वर उडू पाहतो. अनुभव नसलेल्या खेळाडूचा ब्लॉक टेबलाबाहेर जातो, त्याचे कारण हेच.

मुंबई ते पेकिंग : थोडा इतिहास

लूपचा जन्म रबराच्या बदलातून झाला आणि त्या बदलाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली रॅकेट घेऊन उतरला. तोवर बहुतेक खेळाडू स्पंजविना दाणेदार रबर वापरत. त्या रबरावर चेंडू आदळल्याचा आवाज ऐकून फटक्याचा अंदाज बांधण्याची सवय सर्वांना होती. स्पंजाने तो आवाजच गिळून टाकला. सातोने पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि रॅकेटविषयीचा वाद पेटला. अखेर १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम ठरवले. स्पंज आणि त्यावरील रबर मिळून एका बाजूची जाडी ४ मिलिमीटरपर्यंत असावी, ही मर्यादा आजही लागू आहे.

नव्या रबराच्या पकडीचा पुरेपूर उपयोग करून जपानी खेळाडूंनी १९६० च्या सुमारास लूप प्रचारात आणला. टेबलापासून दूर उभे राहून चेंडू कापत बसणाऱ्या युरोपीय बचावपटूंपुढे तो भेदक ठरला. १९६१ ची जागतिक स्पर्धा पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, होती. यजमान चीनने काही खेळाडूंना हा फटका हुबेहूब आत्मसात करायला लावून त्यांच्याविरुद्ध आपल्या संघाचा सराव घेतला आणि जपानला नमवून पुरुषांचे सांघिक विजेतेपद प्रथमच पटकावले.

पुढे इस्तवान योनियर, तिबोर क्लाम्पार आणि गाबोर गेर्गेली या हंगेरीच्या खेळाडूंनी फोरहँड आणि बॅकहँड अशा दोन्ही बाजूंनी लूप खेळण्याची शैली रुजवली. योनियर १९७५ मध्ये कोलकात्यात जगज्जेता झाला. १९७९ मध्ये हंगेरीने चीनला हरवून सांघिक विजेतेपद जिंकले. त्यानंतर २००० मध्ये चेंडूचा व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर झाला, २००८ मध्ये बाष्पनशील द्रावकांच्या गोंदावर बंदी आली आणि २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा चेंडू आला. या बदलांनी फिरकीची धार काहीशी कमी झाली. लूपचे महत्त्व मात्र घटले नाही.

फटक्याची घडण

पुढील वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे. डावखुऱ्याने बाजू उलट समजाव्यात.

उभे राहणे : पाय खांद्यांपेक्षा थोडे अधिक फाकलेले, उजवा पाय किंचित मागे, गुडघे वाकलेले आणि भार चवड्यांवर असावा. टाचांवर उभा असलेला खेळाडू लूप करूच शकत नाही.

मागे जाणे : येथे हात मागे ओढायचा नसून कंबर उजवीकडे वळवायची असते. कंबरेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर हात जातो आणि शरीराचा भार उजव्या पायावर येतो. हात सैल, कोपर शरीरापासून थोडे दूर. रॅकेट पाठीमागे नेली तर परतायला उशीर होतो. ती शरीराच्या बाजूलाच राहावी.

पुढे येणे : उजव्या पायाने जमीन रेटली की कंबर फिरते, मग खांदा, मग कोपरापुढचा हात आणि सर्वांत शेवटी मनगट. आसूड उडवताना मुठीतली हालचाल टोकाला जाऊन वेगवान होते, तसाच हा क्रम आहे. खांद्याच्या ताकदीने हाणलेला चेंडू जोरात जातो, पण त्याला फिरकी लागत नाही.

चेंडूला भिडणे : चेंडू शरीराच्या पुढे आणि किंचित उजवीकडे असतानाच रॅकेट त्याला लागली पाहिजे. त्या क्षणापूर्वी रॅकेटवरील बोटांची पकड सैल असावी. ऐन स्पर्शाच्या वेळी ती आवळावी. चेंडू रबरात क्षणमात्र रुततो आणि मग सुटतो, ही जाणीव शिकणाऱ्याला एकदा झाली की अर्धे काम झाले.

शेवट : रॅकेट कपाळाच्या उंचीपर्यंत, सलाम करताना हात येतो तशी, येऊन थांबावी. ती डाव्या खांद्यामागे गेली तर पुढच्या चेंडूसाठी खेळाडू तयार नसतो. भार डाव्या पायावर आला की लगेच मूळ पवित्रा घ्यावा.

चेंडू ओळखा, मग फटका निवडा

लूप हा एकच ठरीव फटका नाही. समोरून कोणती फिरकी येते त्यावर रॅकेटचा मार्ग ठरतो.

बॅकस्पिनवर : पुश होऊन आलेला चेंडू रॅकेटला लागताच खाली घसरू पाहतो. म्हणून गुडघे अधिक वाकवून रॅकेट उजव्या गुडघ्याजवळून सुरू करावी, तिचा चेहरा जवळपास उभा ठेवावा आणि चेंडूच्या मागच्या भागाला खालून वर घासावे. चेंडू उसळीच्या शिखरावरून नुकताच खाली येऊ लागला की हे करणे नवशिक्याला सोपे जाते. येथे एक गोष्ट शिकणाऱ्याच्या बाजूने असते. बॅकस्पिन घेऊन आलेला चेंडू ज्या दिशेने फिरत असतो, त्याच दिशेने रॅकेट त्याला घासते. प्रतिस्पर्ध्याची फिरकी मोडावी लागत नाही, उलट तिच्यात भर घालता येते. म्हणूनच दाट बॅकस्पिनवरचा संथ लूपही परतवायला अवघड जातो.

ब्लॉक वा टॉपस्पिनवर : असा चेंडू रॅकेटला लागून वर उडतो. त्यामुळे रॅकेटची सुरुवात कंबरेच्या उंचीवरून, चेहरा पुढे झुकलेला आणि हालचाल वर कमी, पुढे अधिक. चेंडू उसळीच्या शिखरावर असताना, त्याच्या वरच्या भागाला घासावे.

या दोहोंतला फरक न समजल्याने होणारी चूक सहज ओळखता येते. पुशवरचे चेंडू जाळ्यात जात असतील, तर रॅकेट फार झुकलेली आहे किंवा ती पुरेशी खालून आलेली नाही. ब्लॉकवरचे चेंडू टेबलापलीकडे जात असतील, तर रॅकेट फार उघडी आहे किंवा फटका गरजेपेक्षा वरच्या दिशेने चालला आहे.

सरावाचा क्रम

फोरहँड ड्राइव्हच्या सलग तीस-चाळीस चेंडूंची देवाणघेवाण न चुकता होऊ लागल्याखेरीज लूपला हात घालू नये. त्यानंतरचा क्रम असा ठेवता येतो.

पहिली पायरी चेंडूविना सरावाची. आरशासमोर कंबर, खांदा, हात हा क्रम संथपणे गिरवावा. दुसऱ्या पायरीत टेबलाच्या टोकाशी उभे राहून स्वतःच चेंडू सोडावा, तो टप्पा घेऊन खाली येऊ लागला की घासावा. चेंडू पलीकडे किती जोरात गेला याकडे न पाहता, टप्प्यानंतर तो पुढे किती उसळला हे पाहावे.

तिसरी पायरी मल्टीबॉलची. जोडीदार टोपलीतून एकामागून एक बॅकस्पिनचे चेंडू एकाच जागी देतो आणि शिकणारा फक्त लूप करतो. मग हे चेंडू दोन जागी, पुढे अनियमित जागी यावेत. चौथ्या पायरीत जोडीदार ब्लॉक करतो आणि लूपची सलग देवाणघेवाण होते. पाचव्या पायरीत सामन्यातला प्रसंग येतो : बॅकस्पिनची सर्व्हिस, प्रतिस्पर्ध्याचा पुश आणि तिसऱ्या चेंडूवर लूप.

पायांची हालचाल पक्की झाली की स्वीडनमधील फाल्केनबर्ग क्लबच्या नावाने ओळखला जाणारा सराव घ्यावा. पहिला चेंडू बॅकहँडने, दुसरा त्याच कोपऱ्यातून सरकून फोरहँडने आणि तिसरा दुसऱ्या टोकाकडे धावून फोरहँडने.

नेहमीच्या चुका

एकट्या हाताने फटका मारणे ही सर्वांत मोठी चूक. असा लूप काही दिवस टेबलावर पडतोही, पण वेगवान खेळात तो टिकत नाही आणि सारा ताण खांद्यावर येतो. दुसरी चूक मागे कलण्याची : चेंडू उचलण्याच्या नादात शरीर मागे जाते आणि कंबरेच्या खालच्या भागावर भार पडतो. तिसरी, चेंडू शरीराच्या बाजूला वा मागे गेल्यावर गाठणे. चौथी, प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने मारणे. शिकताना निम्म्या ताकदीने, पण पूर्ण घर्षणाने खेळलेला चेंडू अधिक शिकवतो.

वाढत्या वयातील मुलांबाबत पालक आणि प्रशिक्षकांनी विशेष काळजी घ्यावी. मल्टीबॉलचा मारा थकवा येईपर्यंत लांबवू नये. थकलेले पाय थांबतात आणि उरलेले काम खांदा करू लागतो. खांदा, कोपर किंवा कंबर काही दिवस सतत दुखत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रॅकेट, रबर आणि पावसाळा

लूप शिकण्यासाठी महागडी, अतिवेगवान रॅकेट अपायकारकच ठरते. मध्यम वेगाचे लाकूड आणि दोन्ही बाजूंना पकड असलेले गुळगुळीत रबर, ज्याचा स्पंज १.८ ते २ मिलिमीटरचा असेल, एवढे पुरेसे आहे. दुकानात तयार मिळणाऱ्या अगदी स्वस्त रॅकेटचे रबर मात्र बहुधा निसरडे असते. त्यावर तंत्र अचूक असले तरी फिरकी लागत नाही आणि मूल स्वतःलाच दोष देत बसते. चेंडू रबरावर ठेवून हलकेच दाबून सरकवला असता तो अडखळला, तर पकड शिल्लक आहे असे समजावे.

गोवा आणि कोकणपट्टीतील खेळाडूंना आणखी एक अडचण भेडसावते. पावसाळ्यातील दमट हवेत रबरावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि चेंडू घासला न जाता घसरतो. कालपर्यंत जमणारा लूप जुलैत अचानक जमेनासा झाला, तर तंत्र बदलण्याआधी रबर तपासावे. कोरडा सुती रुमाल जवळ ठेवून दर काही गुणांनी रबर आणि चेंडू दोन्ही पुसावेत. खेळून झाल्यावर धूळ ओलसर फडक्याने पुसून, रबर वाळल्यावरच रॅकेट कव्हरमध्ये ठेवावी. डोक्यावरचा पंखाही सरावात व्यत्यय आणतो. इतका हलका चेंडू वाऱ्याने सहज भरकटतो.

प्रगती कशी मोजावी?

लूपवर थेट किती गुण मिळाले, हा सुरुवातीचा निकष नव्हे. पुशवर आलेल्या दहा चेंडूंपैकी किती चेंडू टेबलावर पडले, ते टेबलाच्या शेवटच्या भागात पडले का आणि फटक्यानंतर खेळाडू पुढच्या चेंडूसाठी तयार होता का, हे तीन प्रश्न वहीत दर आठवड्याला नोंदवावेत. वेग नंतर येतो. फिरकी आणि तोल हाती आले असतील, तर जाळ्यालगतचा तोच बॅकस्पिनचा चेंडू, ज्याची आधी धास्ती वाटत असे, हल्ल्याची संधी ठरू लागतो.