लोखंडाची बंदूक केव्हां होते ?

लोहाराच्या ऐरणीवर पडलेला लोखंडाचा तुकडा हा केवळ तुकडाच असतो; त्याची नळी झाली, तिला चाप व दस्ता जोडला, म्हणजे ती बंदूक होते. या दोन अवस्थांमधली रेषा कोठें आंखावयाची, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यानें १९३८ पासून २०२५ पर्यंत कायदेपंडितांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

अमेरिकेंत घरीं बंदूक घडविणें ही नवी गोष्ट नव्हे. वसाहतींच्या काळापासून गांवोगांवचे कारागीर बंदुका करीत आले, आणि १७९१ सालच्या घटनादुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याच्या हक्कास संरक्षण दिलें. एखाद्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं साधी बंदूक केली, तर मध्यवर्ती सरकारनें तीसाठीं परवाना मागितला नाहीं. १९३८ च्या कायद्यानें मात्र बंदुकीचा प्रत्येक सुटा भागहि बंदुकींतच गणला होता. प्रत्येक स्क्रूवर व कमानीवर नजर ठेवणें व्यवहारांत अशक्य, असें पुढें विधिमंडळास आढळून आलें.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. त्यासाठीं वापरलेली रायफल खोट्या नांवानें टपालांतून मागविलेली होती. १९६८ सालीं एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग व जूनमध्यें रॉबर्ट केनेडी गोळीस बळी पडले. त्याच वर्षीं २२ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं बंदूक-नियंत्रणाच्या नव्या कायद्यावर सही केली. बंदुकांचा धंदा करणाऱ्यानें परवाना घ्यावा, प्रत्येक बंदुकीवर क्रमांक कोरला जावा व विक्रीची नोंद राहावी, असें त्यानें ठरविलें. हा क्रमांक म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिकाच होय. त्यावरून पोलिसांस दुकानापर्यंत व तेथून गिऱ्हाइकापर्यंत माग काढतां येतो. सुट्या भागांपैकीं कायद्यानें एकावरच मुख्यतः बोट ठेवलें. ज्या सांगाड्यांत इतर भाग बसवितात, तो सांगाडा तेवढा बंदूक. बाकीचें लोखंड मोकळें.

व्यापाऱ्यांची दृष्टि नेमकी या रेषेवर गेली. सांगाड्याचें थोडें काम अपुरें ठेवलें कीं तो सांगाडाच नव्हे, असा युक्तिवाद करून जोडणीचे संच विकले जाऊं लागले. त्यांवर क्रमांक नाहीं, गिऱ्हाइकाची चौकशी नाहीं. अशा हत्यारांस तिकडे ‘भूत-बंदुका’ हें नांव पडलें. पोलिसांनीं माग काढण्यासाठीं पाठविलेल्या अशा बंदुका २०१७ सालीं सुमारें १,६०० होत्या. २०२१ सालीं त्यांची संख्या १९,००० च्या वर गेली. त्यांचा माग बहुधा लागलाच नाहीं.

२०२२ सालीं सरकारनें नियम केला, कीं सहज पुरा करतां येणारा संच ही बंदूकच समजावी. त्याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि २६ मार्च २०२५ रोजीं सात विरुद्ध दोन मतांनीं नियम टिकला. शर्यतीच्या आरंभीं आवाज काढणारें पिस्तूल सहज फेरफारानें गोळी झाडूं शकत असेल, तर तें १९६८ च्या कायद्यानेंच बंदूक मानलें होतें, हें न्यायमूर्ति गॉर्सच यांनीं दाखवून दिलें. एका नवख्यानें असा एक संच २१ मिनिटांत पुरा केल्याचा उल्लेखहि निकालांत आहे. मात्र प्रत्येक अपुरा भाग बंदूक ठरेलच, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. न्यायमूर्ति टॉमस यांचें मत उलट पडलें : कायद्याच्या शब्दांत न बसणारी वस्तु त्यांत कोंबण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस नाहीं. हें मत हलकें लेखण्याजोगें नव्हे. व्याख्या ताणली म्हणजे निरपराधी माणूसहि गुन्हेगार ठरण्याचें भय असतें.

त्या भयाचा अनुभव हिंदुस्थानानें फार पूर्वीं घेतला आहे. १८५७ च्या उठावानंतर येथें निःशस्त्रीकरण आरंभलें. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींतील १८७८ च्या कायद्यानें तलवार, भाला व धनुष्यबाण यांच्या जोडीला हत्यारांचे सुटे भाग आणि तीं बनविण्याची यंत्रसामग्रीहि व्याख्येंत घातली. जाळें दाट होतें; परंतु तें पडलें एतद्देशीयांवर, गोऱ्यांस पुष्कळ सूट होती. म्हणूनच १९३० सालीं गांधीजींनीं व्हाइसरॉयपुढें ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठीं शस्त्राचे परवाने मिळावेत, अशीहि एक मागणी होती. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानें बंदुकीच्या व्याख्येंत सुटे भाग व यंत्रसामग्री कायम ठेविली, आणि विनापरवाना बंदूक बनविणें गुन्हाच राहिला. शब्द बहुतांशीं जुनेच; पण ते आतां परक्या सत्तेच्या संशयांतून नव्हे, तर लोकांनीं निवडलेल्या संसदेंतून आले होते.

रेषा फार पुढें आंखली, तर खुन्याचा माग हरवतो; फार मागें आंखली, तर लोहाराचा हातोडाहि संशयित होतो. ती नेमकी कोठें असावी, हें लोखंड सांगूं शकत नाहीं. ज्यांना तिच्या अलीकडे-पलीकडे राहावयाचें आहे, त्यांनींच विचारपूर्वक ती आंखली पाहिजे, आणि काळ पालटला म्हणजे पुन्हां तपासून पाहिली पाहिजे.