मुठीतली राख

डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल १९७३ असेल आणि तुम्ही नागपूरच्या उत्तरेला, खसाळा गावातल्या एका अंगणात उभे असाल. नुकतं उजाडलंय. एक आजी चुलीतली गार झालेली राख नारळाच्या शेंडीवर घेऊन पितळी गुंड घासतेय. काळ्या डागाखालून पिवळाधमक पट्टा उजळत जातो. उरलेली राख ती परसातल्या वांग्यांवर भुरभुरते. "कीड लागत नाही," म्हणते आणि गुंड घेऊन विहिरीकडे निघते. राखेमुळे पाणी नासेल, हे तिच्या गावीही नाही.

आता मागे चला. थोडंथोडकं नाही, पंचवीस कोटी वर्षांहूनही मागे. पाय घोट्यापर्यंत दलदलीत रुततात. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जिभेसारखी पानं गळून पाण्यात कुजतायत. आभाळात पक्षी नाही, झाडांवर फूल नाही. दोन्ही अजून जन्मायचीत. पाण्याबरोबर वाहत आलेलं आर्सेनिक, शिसं, पारा कणाकणानं या कुजक्या थरात अडकतं. थरावर थर चढतो, त्याचा कोळसा होतो आणि विष त्यातच कुलूपबंद होतं. जमिनीनं ते नीट सांभाळून ठेवलंय.

१९७४. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झालाय. घरात दिवे लागतात, शेतात पंप चालतात. हे सुख खोटं नाही. पण भट्टीपाशी थांबा आणि हिशेब बघा. शंभर किलो सरपण जाळलं तर किलो-दोन किलो राख उरते. शंभर किलो देशी कोळसा जाळला की तीस ते पंचेचाळीस किलो. कर्ब जळून जातो, धातू जळून नाहीसे होत नाहीत. काही धुराबरोबर वर जातात, बाकीचे राखेत दाटतात. जमिनीनं लावलेलं कुलूप इथं उघडतं.

या राखेत पाणी कालवून तिचा गाळ पाइपानं दूर नेतात आणि मातीच्या बांधाआड सोडतात. कोराडीची राख खसाळ्याला, खापरखेड्याच्या वीज केंद्राची वारेगावला. त्या करड्या तलावाच्या काठावर बसा. वरचं पाणी निवळशंख दिसतं. तळाशी हात घाला. पिठासारखी मऊ साय बोटांना चिकटते, वाळल्यावर फुंकरीनं उडते. पाणी मात्र खाली झिरपत राहतं, विहिरींच्या दिशेनं. २०२१ साली मंथन अध्ययन केंद्रानं नागपूरच्या अभ्यासकांसोबत या भागातल्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा काहींत पारा आणि आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं.

१६ जुलै २०२२, शनिवार. पावसानं झोडपून काढलंय. खसाळ्याचा बांध फुटतो. करडा लोंढा शेतांत शिरतो, नुकतीच उगवलेली पिकं गाडत नाल्यात उतरतो. पुढे कोलार नदी, तिच्यापुढे कन्हान. नागपूरच्या मोठ्या भागाची तहान हीच कन्हान भागवते. ज्या दिव्याखाली शहर जेवायला बसतं, त्याची राख त्याच शहराच्या पाण्याच्या वाटेवर येऊन पडलीय.

एक मुक्काम उरला: २०३२. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनं वर्षानुवर्षं साठलेली राख वापरून संपवायला दहा वर्षं दिलीत. विटा, सिमेंट, रस्ते, खाणींचे खड्डे, मार्ग ठाऊक आहेत. पण तिथं तुम्हाला नेता येत नाही, ते साल अजून घडायचंय. तोवर बांध दर पावसाळ्याआधी तपासला जावा, विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. ज्यांनी ते पाणी प्यायचं, त्यांचा एवढा हक्क आहे.

परत १९७३च्या अंगणात या. आजी विहिरीवरून आलीय. तुमच्या मुठीत खसाळ्याच्या तलावातली राख आहे. तिचं लक्ष जातं. आणखी एक भांडं घासायचं राहिलंय. ती ओला हात पुढे करते.

मूठ उघडू नका.