पतपत्र आणि जोखमी हुंडी

पतपत्र म्हणजे परदेशी वेषातील हुंडीच होय, अशी एक समजूत आढळते. ती तपासून पाहणे अवश्य आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारातील जोखमी हुंडी प्रथम विचारात घेऊ. जहाजावर चढविलेल्या मालावर ती लिहिली जाई; माल बंदरात सुखरूप पोचला तरच तिचे पैसे चुकते करावयाचे. गलबत बुडाले, की हुंडी धारण करणाऱ्याची रक्कमही बुडाली. म्हणजे पैसे पुरविणारा सावकार हाच विमेदार असे, व जोखमीचा मोबदला तो वटावातच वसूल करी. येथे पैसा मालाच्या पाठोपाठ चालतो.

पतपत्रात हे नातेच तुटलेले आहे. ग्राहकाची बँक विक्रेत्यास वचन देते, की ठरलेले कागद हजर करा आणि पैसे न्या. माल कसा आहे, हे ती पाहत नाही. अशा वचनास कायद्याचा आधार कोणता, हा प्रश्न 1765 मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे आला. लंडनच्या एका पेढीने रॉटरडॅमच्या व्यापाऱ्यांची हुंडी सकारण्याचे लेखी कबूल केले होते; परंतु ज्या आयरिश व्यापाऱ्यासाठी हा व्यवहार झाला त्याचे दिवाळे निघताच तिने अंग काढून घेतले. व्यापाऱ्याचे लेखी वचन मोबदल्यावाचूनही बंधनकारक आहे, असा मॅन्सफील्ड यांनी निर्णय दिला. 1778 मध्ये हे तत्त्व हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे टिकले नाही. रिवाज मात्र टिकला. आणि आमच्या मते ते स्वाभाविकच होते, कारण वचन मोडणाऱ्या पेढीस बाजारात दुसरे वचन देता येत नाही.

कागदावरच सर्व भिस्त ठेवल्याचे परिणाम विसाव्या शतकात दिसून आले. बटेव्हियाहून लंडनला व्हॅनिलाच्या शेंगा यावयाच्या होत्या. तज्ज्ञांचे प्रमाणपत्र हवे, अशी अट होती. परंतु तारेच्या सांकेतिक भाषेत एकवचन व अनेकवचन यांस एकच संकेत असल्यामुळे एकाच तज्ज्ञाची सही घेऊन पैसे दिले गेले. पेट्यांत बहुतांशी काटक्या, दगड व जुने लोखंड निघाले. अटीबरहुकूम कागद नसल्याने बँकेस ग्राहकाकडून भरपाई मिळू शकत नाही, असे 1927 मध्ये ठरले. एका प्रत्ययाची ही किंमत!

पण कागद निर्दोष आणि माल खोटा असेल तर? भारतातून ब्रशांचे राठ केस म्हणून गाईचे केस व केरकचरा पाठविल्याची तक्रार 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे आली. विक्रेत्याची लबाडी पैसे देण्यापूर्वीच बँकेस कळली असेल, तर कागदांची ढाल त्याच्या कामी येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने 1933 पासून प्रसिद्ध केलेल्या नियमांत लबाडीच्या प्रश्नाची सोडवणूक नाही. 2007 च्या आवृत्तीतही तो राष्ट्रीय न्यायालयांवरच सोपविलेला आहे. इंग्लंडने हा अपवाद स्वीकारला, पण आखडता हात ठेवून. पेरूला जाणारा माल 16 डिसेंबर 1976 रोजी चढविला असता जहाजाच्या दलालाच्या माणसाने कागदावर 15 तारीख घातली. विक्रेता स्वतः निर्दोष होता, म्हणून 1982 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बँकेस पैसे देणे भाग पाडले.