लंडनची टांकसाळ आणि तांदळाच्या डब्यातल्या पावत्या



मागच्या उन्हाळ्यात एका गटाच्या मासिक बैठकीत आमच्यापुढे एक तंटा आला. गटातल्या एक काकू वारल्या होत्या. त्यांची सून बैठकीला आली आणि पिशवीतून अकरा पावत्या काढून सतरंजीवर मांडल्या. प्रत्येक पावती शंभर रुपये बचतीची. "आत्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या," ती म्हणाली, "पण तुम्ही जो हिशोब दिला, त्यात हे अकराशे दिसत नाहीत."

आम्ही वही उघडली. खरंच, तिथं नोंद नव्हती. आणि आमच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "वहीत नाही, म्हणजे भरले नाहीत."

सून काही बोलली नाही. पावत्या गोळा करून निघून गेली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, कारण पावत्यांवरची सही आमच्याच गटाच्या तेव्हाच्या सचिवाची होती. तेव्हा बीएला इतिहास शिकताना वाचलेली एक गोष्ट आठवली. तीच आज सांगतो. आमच्या तंट्याचं काय झालं, तेही शेवटी सांगतोच.

लंडन शहरात थेम्स नदीच्या काठी टॉवर नावाचा जुना किल्ला आहे. सुमारे 1279 सालापासून पाचशेहून जास्त वर्षं इंग्लंडची टांकसाळ या किल्ल्यात होती. टांकसाळ राजाची, पण तिथं येणारी चांदी पुष्कळदा व्यापाऱ्यांची असे. व्यापारी चांदीच्या लगडी घेऊन यायचा. तिचं वजन व्हायचं, कस पाहिला जायचा. मग ती वितळवायची, पत्रे काढायचे, चकत्या कापायच्या आणि हातोड्यानं ठोकून छाप उठवायचा. हे काम एका दिवसात होणारं नव्हतं. आपण गिरणीत दळणाचा डबा ठेवून येतो आणि नंतर पीठ आणायला जातो ना, तसं व्यापारी चांदी ठेवून जायचा आणि नंतर नाणी न्यायला यायचा. मधल्या दिवसांत त्याच्या हातात चांदीही नाही आणि नाणीही नाहीत. असायचा तो फक्त टांकसाळीवरचा भरवसा आणि तिच्या दप्तरातली नोंद.

1630 साली इंग्लंड आणि स्पेन यांच्यात तह झाला. त्यानंतर स्पेनची पुष्कळ चांदी इंग्रजी जहाजांतून फ्लँडर्सकडे, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला, जाऊ लागली. तिथं स्पेनचं सैन्य होतं, त्याचा पगार भागवायचा होता. वाटेत तिच्यातला बराच भाग लंडनच्या टांकसाळीत नाणी पाडायला येई. लोक ती निर्धास्तपणे ठेवत. किल्ल्याच्या भिंती जाड, पहारा राजाचा. चोराची भीती कसली?

पण भीती होती ती पहारेकऱ्याच्या मालकाचीच.

त्या वेळी गादीवर होता पहिला चार्ल्स. त्यानं 1629 पासून अकरा वर्षं संसद बोलावलीच नव्हती. मग स्कॉटलंडशी लढाई उभी राहिली आणि पैसा संपला. 1640 च्या एप्रिलमध्ये त्यानं संसद बोलावली. संसदेनं आधी गाऱ्हाणी ऐका म्हटलं, म्हणून राजानं तीन आठवड्यांत तिला घरी पाठवलं. पैसा काही मिळाला नाही. जुलै महिन्यात राजाची नजर टॉवरमधल्या चांदीवर गेली. हुकूम सुटला की टांकसाळीतला माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. लाखाहून जास्त पौंडांची चांदी अडकली. राजाचं म्हणणं असं की हे कर्ज आहे, बुडवणार नाही, व्याजासकट देऊ.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू या. कर्ज म्हणजे काय? मागणारा मागतो, देणारा हो म्हणतो, मग कर्ज होतं. न विचारता घेतलं आणि वरून त्याला कर्ज म्हटलं, तर त्याला आपल्या गावात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

व्यापाऱ्यांनी काय केलं? एकेकटा जाऊन रडला असता तर शिपायानं दारातूनच हाकललं असतं. ते एकत्र गेले. त्यांनी राजाच्या मंत्र्यांना बजावलं की आमच्या हुंड्या वटणार नाहीत, परदेशात आमची पत जाईल, आणि यापुढे या टांकसाळीत कुणी चांदी घेऊन येणार नाही. शेवटचं वाक्य राजाच्या वर्मी लागणारं होतं. चांदी आली नाही तर नाणी कशाची पाडणार?

शेवटी तडजोड झाली. व्यापाऱ्यांनी 40,000 पौंड राजाला कर्ज म्हणून द्यायचे, त्याला जकातीच्या उत्पन्नाचं तारण घ्यायचं आणि बाकीची चांदी सोडवायची. म्हणजे वादातली बहुतेक रक्कम सुटली आणि उरलेल्या रकमेला निदान तारण मिळालं. एकजुटीनं एवढं साधलं. पण भरवसा तुटला तो तुटलाच. लोकांनी हळूहळू आपला पैसा शहरातल्या सोनारांकडे ठेवायला सुरुवात केली. सोनार पावती द्यायचे. पुढे त्या पावत्याच हातोहात फिरू लागल्या आणि इंग्लंडमधल्या बँकांच्या नोटांची सुरुवात त्यांतून झाली. राजाशी संसदेचं युद्ध पेटलं आणि 1649 च्या जानेवारीत राजाचं डोकं उडवलं गेलं. त्याला कारणं पुष्कळ होती, पण लोकांच्या पैशाला न विचारता हात लावायची सवय हे त्यांतलं एक मोठं कारण होतं.

या गोष्टीचा पुढचा भाग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. 1666 साली, त्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर असताना, संसदेनं टांकसाळीसाठी कायदा केला. कुणीही सोनं-चांदी आणावी, तेवढ्याच वजनाची नाणी न्यावीत, घडणावळ लागणार नाही. तो खर्च परदेशी दारूवरच्या जकातीतून भागवायचा. आणि माल आणणाऱ्याला टांकसाळीनं सहीचा कागद द्यायचा. त्या कागदावर काय काय लिहायचं, तेही कायद्यात घातलं. वजन किती, कस किती, किंमत किती, कोणत्या दिवशी आणलं आणि कितव्या क्रमांकानं आणलं. नाणी परत द्यायची ती त्याच क्रमानं. हा सरदार म्हणून आधी आणि तो परका म्हणून मागे, असं चालणार नाही.

म्हणजे आधी जो व्यवहार राजाच्या मर्जीवर चालत होता, तो आता नियमानं बांधला गेला. पावती देणं ही मेहेरबानी राहिली नाही, ती देणाऱ्याची जबाबदारी झाली.

पण राजाचे पैसे ठेवायचे कप्पे अनेक. टांकसाळीला नियम लागला, तसा खजिन्यालाही लागला होता. 1665 पासून खजिन्याला पैसे उसने देणाऱ्यालाही क्रमांक घातलेला कागद मिळे आणि त्या क्रमानं फेड होई. सोनारांनी लोकांच्या ठेवी घेऊन त्याच खजिन्याला दिल्या. आणि 1672 च्या जानेवारीत दुसऱ्या चार्ल्सनं फेडच थांबवली. डच लोकांशी लढाई करायची होती. आधी सांगितलं एका वर्षासाठी. ते वर्ष काही संपेना. व्याज धरून अडकलेली रक्कम तेरा लाख पौंडांवर गेली. रॉबर्ट व्हायनर नावाच्या एकट्या सोनाराचे चार लाखांहून जास्त आणि एडवर्ड बॅकवेलचे जवळजवळ तीन लाख. दोघांचंही पुढं दिवाळं निघालं. त्यांच्या मागं रांगेत होते ठेवी ठेवणारे साधे लोक, त्यांत विधवा आणि पोरकी मुलंही होती.

1677 साली राजानं मुद्दल बाजूला ठेवून दरसाल सहा टक्के व्याज द्यायचं लेखी मान्य केलं. काही वर्षं ते दिलं आणि तेही बंद पडलं. राजा मेला, त्याचा भाऊ आला आणि गेला, नवा राजा आला. मग या देणेकऱ्यांच्या वारसांनी आणि सोनारांनी जुने कागद काढून कोर्टात दावा लावला. एका कोर्टात जिंकले, पुढच्यात हरले आणि 1700 साली सर्वांत वरच्या सभागृहात पुन्हा जिंकले. त्यानंतर संसदेनं कायदा करून तोडगा काढला. 1705 च्या डिसेंबरपासून मुद्दलावर दरसाल तीन टक्के व्याज द्यायचं आणि निम्मं मुद्दल दिलं की देणं फिटलं असं धरायचं. तेहेतीस वर्षं लागली आणि हाती आलं निम्मं. तरी ज्यांनी कागद जपले, त्यांनाच ते आलं.

तुम्ही म्हणाल, हे झालं तिकडचं, आमचा काय संबंध? संबंध आहे. याच दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली होती, आणि 1668 साली त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

दुसरा संबंध जास्त जवळचा. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले. पुढं पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच झालं. लिहिणारा सावकार, अंगठा देणारा शेतकरी. फेडलेल्या पैशाची पावती नाही आणि रोखा मात्र सावकाराच्या पेटीत. कागद एकाच बाजूला असला की असं होतं. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्यानं पैसे भरले की सावकारानं लेखी पावती द्यायचीच, मागितली नाही तरी द्यायची. वर्षाचा हिशोब मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला, पासबुकात नोंद करून घ्यायचा हक्कही मिळाला. आपल्या हातात आज जे पासबुक आहे, त्याच्या मागं एवढी भांडणं आहेत.

आता आमच्या तंट्याकडं येतो. त्या रात्री आमच्या लक्षात आलं की या गोष्टीत आम्ही व्यापाऱ्यांच्या बाजूला नव्हतोच. आम्ही टांकसाळीच्या बाजूला होतो. पैसे आमच्याकडे ठेवलेले, वही आमची, सही आमची आणि वर "नाही" म्हणणारेही आम्हीच.

पुढच्या बैठकीला सुनेला मानानं बोलावलं. वहीबरोबर इतिवृत्ताचं रजिस्टर, हजेरी आणि बँकेत भरणा केलेल्या चिठ्ठ्या काढल्या. एकेक पावती वाचायची आणि त्या दिवसाचं इतिवृत्त उघडायचं. नऊ पावत्यांची तारीख जुळली. त्या दिवशी काकू हजर होत्या आणि बँकेत भरलेली रक्कमही वहीपेक्षा बरोबर शंभरानं जास्त होती. सचिव त्या वर्षी बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिनं पावत्या आधी सही करून ठेवल्या होत्या, वही लिहायची मात्र कुणाला सांगितली नव्हती.

उरल्या दोन पावत्या. त्यांवर तारीखच नव्हती. इथं गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, पुरावा नाही, सोडून द्या. एक म्हातारी मावशी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "तारीख घालायचं काम कुणाचं होतं? पैसे देणारीचं का घेणारीचं?" त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. ठराव झाला आणि अकराशे रुपये, त्यावरच्या व्याजासकट, सुनेच्या हातात दिले. तिनं ते मोजले, पावतीवर सही केली आणि म्हणाली, "आत्या खोटं बोलत नव्हत्या, एवढंच मला हवं होतं." दोन महिन्यांनी ती स्वतः गटाची सभासद झाली.

तेव्हापासून आमच्याकडच्या गटांत एक रीत आहे. तीच तुम्हालाही सांगतो. पावतीवर पाच गोष्टी बघूनच घरी जायचं. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कशाबद्दल दिली ते (बचत, हप्ता की व्याज), तारीख, पावतीचा क्रमांक आणि घेणारीची सही. आधी सही करून ठेवलेली कोरी पावती कुणीही वापरायची नाही. पावती फाडली की त्याच बैठकीत वहीत आणि पासबुकात नोंद, आणि ती नोंद मोठ्यानं वाचायची, म्हणजे जिला अक्षर येत नाही तिलाही ऐकू येईल. वर्षातून एकदा सगळ्यांची पासबुकं एकत्र आणून वहीशी ताडून बघायची.

आणि कुणी जुनी पावती घेऊन आली, तर आधी तिला बसायला सांगा, पाणी द्या, मग वही उघडा. "वहीत नाही" हे वाक्य सगळे कागद बघून झाल्यावर बोलायचं, आधी नाही.

आज घरी गेल्यावर तांदळाचा डबा, देवघर, गादीखाली, जिथं कुठं तुमच्या पावत्या असतील त्या काढा आणि पासबुकाशी जुळवून बघा. जुळलं नाही तर पुढच्या बैठकीला घेऊन या. एकटीनं येऊ नका, दोघी-तिघी मिळून या.

पुढच्या भागात भेटू या. नमस्कार.