जाळं कापलं कोणी?

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज बोलू या सात मिनिटांच्या एका कार्टूनवर. 'एक अनेक और एकता', साल १९७४, निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. दूरदर्शनच्या जमान्यात वाढलेल्यांना ते हमखास आठवतं. पण त्यातली गोष्ट आपण अर्धीच लक्षात ठेवली, असं मला वाटतं.

आधी ते केलं कोणी, ते पाहू. दिग्दर्शिका विजया मुळे, जन्म १९२१ चा, मुंबईचा. लग्नानंतर पाटणा, पुढे दिल्ली. ॲनिमेशन भीमसैन यांचं. ते मूळ मुलतानचे, फाळणीनंतर कुटुंब लखनौला आलेलं. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे कुडाळजवळच्या सोनवड्याचे. आणि गाणाऱ्यांत लहानगी साधना सरगम. एकतेचा धडा देणाऱ्यांतल्या एकाचं तर गावच सीमेपलीकडे गेलं होतं. हा धडा पुस्तकातून आलेला नव्हता.

काळही लक्षात घ्या. बहुतेक खेड्यांत तेव्हा टीव्ही नव्हता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचले. मी आज जिथून बोलतोय, त्या अभनपूरचा रायपूर भाग त्यात होता. तेव्हा तो मध्य प्रदेशात. प्रयोगाचे एक प्रमुख सूत्रधार होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. सकाळची वेळ शाळकरी मुलांची. मुलांना काय दाखवायचं, हा प्रश्न त्या वर्षांत देशासमोर खराच होता, आणि विजयाताई त्याच कामात होत्या.

आता गोष्ट. पाखरं जाळ्यात सापडतात. एकदम जोर लावून जाळ्यासकट उडतात. आपण इथेच थांबतो आणि टाळ्या वाजवतो. पण जाळं अजून पायांत आहेच! ते कापतात उंदीर. पंचतंत्रातही तसंच आहे: कबुतरांचा राजा चित्रग्रीव, आणि त्याचा मित्र उंदीर हिरण्यक.

फौजेत हे रोज दिसतं. पायदळ कितीही एकदिलानं चालो, पुढे सुरुंग पेरलेले असतील तर वाट काढून देणारा सॅपरच लागतो. त्याची भाषा वेगळी, गाव वेगळं, जेवणही वेगळं. तो आपल्यासारखा नाही, म्हणूनच उपयोगी पडतो.

आपल्यासारख्यांची एकजूट सोपी असते. आपण राज्याराज्यांत विखुरलेली मराठी माणसं मंडळं काढतो, गणपती बसवतो. उत्तमच आहे. पण तेवढ्यानं फक्त उडता येतं. शेजारच्या छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया घराशी आपली मैत्री आहे का? जाळं पडेल त्या दिवशी दार तिथलंच ठोठवावं लागणार आहे. आणि ती मैत्री जाळं पडण्याआधीच जोडलेली असावी लागते.

नातवंडांना ही फिल्म जरूर दाखवा. आणि संपल्यावर एवढंच विचारा, जाळं कापलं कोणी?

जय हिंद.