बंगळूरच्या वीरशिळा

अथेन्सच्या कुंभारांनी ख्रिस्तपूर्व सहाव्या व पाचव्या शतकांत जी चित्रित भांडी घडविली, त्यांवरील योद्धे बहुधा कवींनी आधीच अमर केलेले असत. एक्सेकियस या नामांकित कारागिराच्या एका कुंभावर अकिलीस आणि अजॅक्स हातांत भाले धरूनच फाशांचा डाव खेळत बसले आहेत. शेजारी त्यांची नावे लिहिलेली आहेत. इतकेच नव्हे, तर एकाच्या तोंडून ‘चार’ आणि दुसऱ्याच्या तोंडून ‘तीन’ असे दानही वदविले आहे. युद्धाच्या धुमश्चक्रीतील हा निवांत क्षण पाहून मन थबकते. परंतु या वीरांना चित्रकाराची गरज नव्हती. त्यांची कीर्ती घरोघर गाइली जात होती.

दक्षिण भारतात रणांगणाचे चित्र पाथरवटाच्या छिन्नीने काढले, आणि ज्याचे काढले तो बहुधा आसपासच्या गावचा, चारचौघांच्या ओळखीचा माणूस असे. कानडीत दगडाला ‘कल्लु’ म्हणतात. वीराचा दगड तो ‘वीरगल्लु’, आणि तोच आपल्या मराठीतील वीरगळ. त्याची मांडणी साधारणतः ठरलेली असते. तळाशी लढाई, तिच्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मृत्यू खाली आणि मुक्ती वर, हा क्रम अडाण्यालाही वाचता यावा.

या परंपरेतील दोन असामान्य शिळा बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आल्या. हे संग्रहालय 1865 साली स्थापन झाले. तेथील तीन गंग लेखांचे संपादन जॉन फेथफुल फ्लीट यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सहाव्या खंडात केले. फ्लीट हे मुंबई इलाख्यातील सनदी नोकर. महसुलाचे दप्तर सांभाळून हजार वर्षांपूर्वीची कानडी अक्षरे लावणाऱ्या या गृहस्थाचे ऋण महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांवरही आहे.

पहिली शिळा बेगूरची. हे गाव बंगळूरच्या दक्षिण भागातील. काळ नवव्या शतकाची अखेर किंवा दहाव्याचा आरंभ. गंग राजा एरेयप्प याने आपला सरदार नागत्तर याला सैन्य देऊन अय्यपदेवाच्या साहाय्यास, वीरमहेंद्राविरुद्ध पाठविले. तुंबेपाडी येथे गाठ पडली, फळी फुटली, आणि नागत्तर थेट हत्तींना जाऊन भिडला व तेथेच पडला. बहुतेक वीरगळांवर एक वीर आणि दोनचार शत्रू एवढ्यावर भागते. येथे मात्र घोडे, हत्ती आणि पायदळ यांची अशी दाटी आहे की डोळ्याला चटकन वाट सापडत नाही. खऱ्या लढाईतही ती सापडत नसावी.

पुढचा मजकूर मात्र थंड डोक्याने लिहिलेला आहे. ही वार्ता ऐकून राजा संतुष्ट झाला. त्याने इरुग याला नागत्तरपद देऊन बेंपूर, म्हणजे आजचे बेगूर, आणि तेथील एकंदर बारा गावे बहाल केली. एक माणूस पडला, त्याचे पद दुसऱ्याला गेले. शोकाचा एक शब्दही नाही. शोक कदाचित घरच्यांनी केला असेल. शिळेवर आली ती गावांची यादी.

बेगूरलाच नागेश्वराच्या देवळात सुमारे इ. स. 890 चा आणखी एक लेख आहे. ‘बेंगळूरु’च्या लढाईत नागत्तराच्या घरचा बुट्टणसेट्टी पडला, एवढीच त्याची हकीकत. पण या ओझरत्या उल्लेखाने एक लोकप्रिय कथा निकालात निघाली. बाराव्या शतकात होयसळ राजा बल्लाळ याला एका म्हातारीने उकडलेले दाणे खाऊ घातले, म्हणून गावाला हे नाव पडले, अशी ती कथा. शहाजीराजांना हे ठाणे जहागिरीत मिळण्यापूर्वी साडेसातशे वर्षे हे नाव दगडावर कोरले गेले होते, आणि तेही एका माणसाच्या मरणामुळे.

दुसरी शिळा मंड्या जिल्ह्यातील आतकूरची, शके 872 ची, म्हणजे इ. स. 949-50 ची. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट घराण्याने खोदविले, त्याच घराण्यातील तिसऱ्या कृष्णाने तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. हत्तीवरून लढणारा चोळ युवराज राजादित्य गंग बूतुगाच्या हातून मारला गेला. बूतुगाचा सेवक मणलेर याने त्या युद्धात असा पराक्रम केला की धनी प्रसन्न होऊन म्हणाला, ‘माग.’ मणलेराने मागितला ‘काळी’ नावाचा कुत्रा!

पुढे बेळतूरजवळच्या टेकडीवर हा काळी एका प्रचंड रानडुकराशी झुंजला आणि दोघेही ठार झाले. मणलेराने आतकूरला चल्लेश्वराच्या देवळापुढे शिळा उभारली, तिला जमीन दिली. ज्या युद्धाने दक्षिणेचे राजकारण पालटले, त्याची हकीकत या शिळेवर आहे खरी. पण शिल्पात झुंजताना दिसतात ते कुत्रा आणि डुक्कर. इतिहासकारांना तक्कोलमचा निकाल सांगणारा हा अमोल पुरावा एका माणसाच्या आपल्या जनावरावरील मायेमुळे हाती आला आहे.

महाराष्ट्रात अशा शिळा गावोगाव आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजे परस्परांवर चालून जाताना कोरलेली आहेत. मात्र बऱ्याच ठिकाणी त्यांना शेंदूर फासला जातो, किंवा त्यांवर धुणे आपटले जाते.

आतकूरच्या लेखकाने याचा विचार आधीच केला होता. देवस्थान सांभाळणाऱ्या गोरवाने या शिळेची पूजा केल्याशिवाय अन्न घेतले, तर त्याला कुत्र्याचे पातक लागेल, असे त्याने शेवटी बजावून ठेवले आहे. चल्लेश्वराचे देऊळ आतकूरलाच राहिले. शिळा बंगळूरला आली.