सल्ल्याचे सामर्थ्य : मुंबईची वारसा जतन समिती

१९५८ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची प्राचीन लेणी, मंदिरे व किल्ले संरक्षिले; तथापि मुंबईतील नांदती घरे व पेढ्या बहुतांशी त्या छत्राबाहेरच राहिल्या. ही उणीव जाणून राज्य शासनाने १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीत ६७ वा नियम आणला. वास्तूंच्या श्रेणी ठरल्या. वास्तुविशारद, संरचना अभियंता, इतिहासकार अशा जाणकारांची शासननियुक्त समिती अस्तित्वात आली.

परवानगीचा अधिकार मात्र महापालिका आयुक्तांपाशीच राहिला. त्यांनी समितीच्या सल्ल्याने चालावे. अपवादात्मक प्रसंगी सल्ला डावलल्यास कारणे लेखी नोंदवावीत आणि हा अधिकार हाताखालच्या कोणासही सोपवू नये, असे बंधन होते. समितीचे खरे बळ त्या लेखी कारणांतच होते. तोंडी नकार हवेत विरतो. कागद न्यायालयापुढे ठेवता येतो.

मालकांची तक्रारही अगदीच निराधार नव्हती. वास्तू जपायची सर्वांसाठी, छप्पर शाकारायचे मात्र एकट्याने! गमावलेल्या बांधकाम हक्कापोटी हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद त्याच नियमात होती खरी. पण जुन्या, तुटपुंज्या भाड्यावर चालणाऱ्या इमारतीचा दुरुस्तीखर्च तेवढ्याने कसा भागणार? २०१८ च्या नव्या नियमावलीतही समितीचे स्थान सल्लागाराचेच राहिले.